शेवंता मंगळावरून बोलते

रायपूर, ८ डिसेंबर २०१७

दादा,

तुझं पत्र वाचलं. मला आलेलं नव्हे; माझ्या दिवाळी अंकातल्या गोष्टीवर नागपूरच्या मासिकाच्या संपादकांना तू लिहिलेलं, आणि त्यांनी डिसेंबरच्या अंकात वाचकांच्या पानावर छापलेलं. खाली ‘प्रा. शेखर चिमोटे (निवृत्त), भोपाळ’ असं दिसलं तेव्हा मी स्टाफ बसमध्ये होते. मंत्रालयाच्या बसमध्ये सकाळी सगळे डुलक्या घेत असतात. मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या सरोजिनी मॅडम दचकून जाग्या झाल्या आणि विचारू लागल्या, क्या हुआ दीदी, प्रमोशन आ गया क्या. मी म्हटलं, भाई की चिट्ठी आई है. त्यांनी बसल्या जागी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, काहीतरी आनंदाची बातमी असेल. होतीच.

नऊ वर्षांनी तुझा पहिला शब्द, आणि तो काय, तर ‘लेखिकेला प्रकाशाच्या वेगाची कल्पना नसावी.’

संध्याकाळी घरी हे चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना तुझं पत्र पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. आई मंगळावर, मुलगी रायपुरात, आणि दोघी फोनवर एकमेकींचं वाक्य तोडून भांडतात, हे अशक्य आहे. मंगळ जवळ असला तरी आवाज इथे पोचायला तीन-साडेतीन मिनिटं लागतील आणि लांब असला तर वीस-बावीस, हे तुझं म्हणणं त्यांना एकदम पटलं. मग तू सबंध एक परिच्छेद विज्ञानकथेच्या जबाबदारीवर लिहिलास. आणि शेवटी तीन शब्द. ‘बाकी कथा बरी.’ हे म्हणाले, एवढं झोडपून वर बरी म्हणतो म्हणजे काय? मी म्हटलं, तुम्ही आमच्या घरातले नाही. बाबांनी तुला बोर्डात आल्यावरसुद्धा ‘बरं झालं’ एवढंच म्हटलं होतं आणि मग पाऱ्यातल्या गल्लीगल्लीत पेढे वाटत फिरले होते.

ही गोष्ट मला कशी सुचली ते सांगू? आमचं ऑफिस नया रायपूरला गेल्यापासून मी रोज त्या रस्त्यानं जाते. तू तो पाहिलेला नाहीस. एवढा रुंद की पलीकडून चालणारा माणूस ओळखू येत नाही, आणि माणूस तर नसतोच. मधोमध झाडं, दोन्ही बाजूंना दिवे, आणि वाहन म्हणावं तर आमची बस. एकदा मनात आलं, हा रस्ता कुणाची तरी वाट पाहत असणार. बसमधल्या सगळ्यांच्या तोंडून रोज तेच, इतना बड़ा रोड किसके लिए बनाया. म्हटलं, शेवंतासाठी. शेवंता मंगळावर काचेच्या छपराखाली धान लावते, कारण आपल्या छत्तीसगढच्या बाईशिवाय तिथे धान कोणाला लावता येणार? आणि म्हातारपणी ती परत यायला निघते तेव्हा तिचं यान उतरायला तो रस्ता. मुलगी म्हणते, येऊ नको, इथे तुझं कोणी उरलं नाही. बस, एवढीच गोष्ट. सहा महिने बसमध्येच लिहिली. सोमवारचं अक्षर मंगळवारी लागत नसे, कारण रस्ता चांगला असला तरी बस जुनी आहे.

गोष्टीखाली माझा फोन नंबर छापलाय. त्यामुळे दिवाळीपासून आमच्या घरात फोन सुखानं बसलेला नाही. अकोल्याच्या एक बाई मुलीकडे अमेरिकेला जाऊन शेवंतासारख्याच परत आलेल्या. त्या अर्धा तास स्वतःबद्दल बोलल्या आणि गोष्टीबद्दल काहीच न बोलता ‘फार छान लिहिलंत’ म्हणून फोन ठेवला. रत्नागिरीच्या एका गृहस्थांना मंगळावर मासे मिळतील का याची काळजी. पुण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मात्र चार पानी पत्र पाठवलं. शेवंता ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ बोलते हे त्यांना खटकलं. ‘मराठीला अंतराळात नेण्याआधी ती शुद्ध करून न्यावी,’ असं त्यांचं म्हणणं. तेही तुझ्याच पानावर छापलंय, तुझ्या शेजारी. त्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुझ्या पत्रावर मात्र व्यवस्थित गेलं.

तर माझा प्रश्न असा. एवढा वेळ लागत असेल तर त्या दोघी भांडतील कशा? भांडण काढून टाकू की मंगळ जवळ आणू? तू लिहिलंस अशक्य, पण शक्य काय ते लिहिलं नाहीस.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण मासिक चाळताना नाव दिसलं म्हणून वाचलंस, की मुद्दाम मागवून वाचलंस, एवढं मला कळायला हवं होतं. इंदूवहिनींना नमस्कार.

विजू


रायपूर, संक्रांत, २०१८

दादा,

तिळगूळ पार्सल करून पाठवलाय. फुटला असेल तर चमच्यानं खा.

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस असं मी धरून चालले होते. मग परवा नागपूरहून संपादक रामकृष्णजींचा फोन. म्हणाले, "बाई, हे तुमचे प्राध्यापक आमच्या मासिकाले पोस्ट ऑफिस समजून राहिले का? प्रश्न तुम्ही त्यांना विचारता आणि उत्तर ते मले पाठवतात." त्यांनी तुझी गणिताची पानं मला पाठवून दिली आणि उरलेला मजकूर जानेवारीच्या अंकात छापला. मी तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला.

गणिताबद्दल नंतर. आधी भाषेबद्दल.

तू लिहिलंस: ‘गेल्या अंकात एका वाचकांनी कथेतील बोलीवर आक्षेप घेतला. तो मला मान्य नाही. मंगळावर जो आधी पोचेल त्याची बोली तिथली प्रमाणभाषा ठरेल. लेखिकेच्या कल्पनेप्रमाणे तिथे पहिली पोचली ती रायपूरची बाई. तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी मले-तुले शिकून जावे.’

हे तू लिहिलंस, दादा. तू.

गेल्या पत्रात मी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. काढायचं नाही असं ठरवलंही होतं. पण आता तूच त्याच्या इतक्या जवळ येऊन उभा राहिलास की काढते. बाबांचे दिवस झाले त्या संध्याकाळी तू त्यांचं पुस्तकांचं कपाट उघडलंस आणि माझ्या गंधालीला विचारलंस, यातलं तुला काय ठेवायचं. ती वीस वर्षांची पोट्टी, कॉलेजातून आलेली, रडून डोळे सुजलेली. तिनं उत्तर दिलं, मामा, आप ही ले जाइए, हम लोग कहाँ पढ़ पाएँगे. तू तिला काही बोलला नाहीस. मला बोललास. "विजू, तुझ्या घरात मराठी संपली." आणि दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं टेम्पोत भरून भोपाळच्या वाचनालयासाठी घेऊन गेलास. आधी छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा तू भोपाळ निवडलंस आणि जाताना म्हणाला होतास, फलक ठोकून राजधानी होत नाही. ते मी हसण्यावारी नेलं होतं. हे नेता आलं नाही.

पुस्तकं गेली त्याचं नव्हतं रे. तू म्हणालास ते खोटं आहे असं मला छातीठोक म्हणता येईना, त्याचं होतं. मुलं खरंच हिंदीत बोलत. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत सांगायची, आणि घर छान चालायचं. तू बोट ठेवलंस तेव्हा कळलं की चालत होतं ते कुठे चाललं होतं.

आता पुढचं ऐक. दिवाळी अंक आला तेव्हा मी तो टीव्हीजवळ ठेवला होता, कुणाला काही न म्हणता. दोन्ही पोरांत अभिनवनं पहिल्यांदा उचलला. तो इथल्या उरला औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंजिनीअर आहे हे तुला वहिनींकडून कळलं असेल. डब्याच्या सुट्टीत तो थोडं थोडं वाचायचा. त्याच्या हाताखालची बीरगांवची पोरं विचारायची, काय वाचता भैया, म्हणून तो त्यांना छत्तीसगढीत सांगायला लागला. आठ दिवस त्यांच्या कँटीनमध्ये शेवंता चालली. त्यांचा एकच प्रश्न, आणि तो त्यानं घरी येऊन मला विचारला: "मंगल मा घलो बासी मिलही का?" मंगळावरही रात्रीचा पाण्यात घातलेला भात सकाळी खायला मिळेल का. दादा, माझ्या शेवंताला मी काचघरात धान लावायला लावलं आणि तिला सकाळी काय खायला घालायचं हेच विसरले होते. सगळ्या वाचकांत ही सूचना पहिल्या नंबरची. तुझी दुसऱ्या.

आणि गंधाली. ती आता बँकेत अधिकारी आहे. तिनं अंक स्वतःच्या खोलीत नेला आणि चार दिवस परत आणला नाही. पाचव्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, ती मुलगी मी आहे ना?" मराठीत म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, कल्पनेतली आहे. म्हणाली, "मामा त्या दिवशी जे बोलले ते मी ऐकलं होतं. मी दाराच्या मागे होते." एवढं बोलून स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटायला लागली. तिला पोळ्या कधीच नीट येत नाहीत. त्या दिवशीही आल्या नाहीत. आम्ही सगळ्या खाल्ल्या.

तुझं गणित मी समजून घेतलं. वीस मिनिटं जायला, वीस यायला. म्हणजे भांडता येणार, पण एकीचं सगळं बोलून झाल्यावरच. दुसरीला तोंड उघडायच्या आधी पूर्ण ऐकावं लागणार. हे कळलं आणि माझी अख्खी गोष्ट पुन्हा लिहायला निघाली. रामकृष्णजी ती नव्या रूपात पुस्तकात घेणार आहेत. मसुदा झाला की तुला पाठवीन. संपादकांना नको लिहूस. माझा पत्ता तोच आहे.

विजू


रायपूर, १८ फेब्रुवारी

दादा,

मसुद्यावरचं तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनलाही आश्चर्य वाटलं. म्हणाला, मॅडम, अब पोस्टकार्ड कौन लिखता है.

तू सुरुवात केलीस ‘सौ. विजया देवपुजारी यांस’ अशी. मी कार्ड उलटं करून पाहिलं, बँकेचं तर नाही ना. विलंबाचं गणित बरोबर आहे हे वाचून बरं वाटलं. मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा जरा मोठा असतो हे मी चुकवलं होतं, ते दुरुस्त केलं. शेवंताला आता रोज थोडं जास्त झोपायला मिळतं. बासीच्या उल्लेखावर तू ‘छान’ लिहिलंस, ते अभिनवनं फोटो काढून उरल्याला पाठवलं.

आणि मग तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून आडव्या ओळीत तू जे लिहिलंस ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही. ‘शेवट बदलू नको. इंदूले वाचून दाखवत होतो. मले पुरा वाचता नाही आला.’

नाही बदलत.

आमच्याकडे एक घाट घातला आहे. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी मराठी भाषा दिनाच्या आधीच्या रविवारी या गोष्टीचं वाचन ठरवलं. दरवर्षी तिथे एक भाषण होतं, हार होतो आणि बटाटेवडा होतो; ऐकायला वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी वड्याला. यंदा मला म्हणाले, ताई, तुम्ही वाचा. मी म्हटलं, ही दोघींची गोष्ट आहे, एकटीनं कशी वाचू. शेवंता मी वाचते, मुलगी कोण वाचेल? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या घरच्या मुली मराठी समजतात, पण माईकवर म्हटल्यावर कुणाची तयारी नाही.

घरी येऊन मी सहज बोलले, आणि गंधाली म्हणाली, मी वाचते.

गेले तीन आठवडे आमच्या घरी ‘ळ’ चालू आहे. ती ‘मंगल’ म्हणते, मी ‘मंगळ’ म्हणते. ती ‘डोले’ म्हणते, मी ‘डोळे’. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळा, हे तिला पटतच नव्हतं, म्हणे, लिहिताना तर सारखाच आहे, मग हा अन्याय काहून. बँकेतून येते, जेवते आणि गच्चीवर जाऊन ‘काळवेळ, बाळ, जवळ’ म्हणत फेऱ्या मारते. शेजारच्यांनी विचारलं, बेबी मंत्र जप रही है क्या. हे म्हणाले, हो, मंगळाची शांती चालू आहे.

तिला भीती वाटते. मलाही. तिला चुकण्याची आणि मला रिकाम्या खुर्च्यांची. नऊ वर्षांपूर्वी तू जे म्हणालास ते त्या दिवशी सगळ्यांसमोर खरं ठरलं तर, असं रात्री मनात येतं.

तुला ये म्हणत नाही. भोपाळहून सुटलेली अमरकंटक एक्सप्रेस सकाळी रायपूरला पोचते, एवढं तुला ठाऊकच आहे.

विजू


रायपूर, ५ मार्च

दादा,

तू समोर होतास, तरी मी हे लिहून पाठवते. गंधाली म्हणते लिहूनच ठेव, नाहीतर मामा पुढे म्हणतील की असं काही झालं नव्हतं. शिवाय बरंच काही तुझ्या पाठीमागे झालं.

पहिली गोष्ट, खुर्च्या कमी पडल्या. का, ते तुला माहीत नाही. अभिनवनं उरल्याहून आपली अख्खी शिफ्ट आणली होती. मराठी येणारा त्यात एकही नव्हता. त्यांना शेवंता बघायची होती. तू ज्यांना सभागृहातल्या जुन्या रायपूरच्या मराठी घरांतले समजून नमस्कार केलास ते सगळे बीरगांवचे. आणि त्यांना बघून आमच्या लोकांनी आपापल्या मुलांना फोन करून बोलावून घेतलं की, इथे कायतरी आहे, या.

मी शेवंताचं पहिलं बोलणं वाचत होते. मान वर केली तर दारात तू, हातात ती तुझी रेक्झिनची बॅग, मागे वहिनी. माझी ओळ हरवली. पुढे लोकांनी सांगितलं की मी थांबले ते फार परिणामकारक झालं, मंगळावरून आवाज यायला वेळ लागतो ते कळलं. असू दे, तसंच समजू दे. गंधालीला तू दिसला नाहीस, कारण ती कागदातून डोकं वर काढत नव्हती. तिनं सगळे ‘ळ’ नीट म्हटले. एक सोडून. ‘आई, तुझे डोले मला आठवतात’ म्हणाली आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही. मला वाटतं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण समोरच्या दोन रांगा तेव्हा पदर आणि रुमाल शोधत होत्या.

वाचन संपलं, टाळ्या झाल्या, आणि सूत्रसंचालकांनी ‘कुणाला काही विचारायचं असेल तर’ असं म्हटलं. सगळ्यांच्या नजरा वड्यांकडे लागलेल्या असताना तुझा हात वर गेला. मला वाटलं, आता हा नमस्कार वगैरे करेल. तू उभा राहून म्हणालास की, लेखिकेनं विलंब दुरुस्त केला हे उत्तम, परंतु अंतराळयान सार्वजनिक रस्त्यावर उतरवणं हे अजूनही शास्त्राला सोडून आहे. आणि मग तू रुंदी, वेग आणि उष्णता यांवर बोलायला लागलास. मी माईक घ्यायला हात पुढे केला, तो गंधालीनं आधीच घेतला होता.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही तो रस्ता पाहिलाच नाही. न पाहता काहून बोलून राहिले तुम्ही? आधी पाहून या. मग आपण भांडू."

सभागृह हसलं. उरल्याची पोरं सगळ्यात जास्त हसली, त्यांना अर्थ कळला नव्हता तरी. तू मात्र हसला नाहीस. तू चष्मा काढलास, पुसलास, परत लावलास आणि म्हणालास, "बरोबर आहे." आणि खाली बसलास. वहिनी म्हणतात लग्नानंतर त्यांनी हे दोन शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आता तुझ्या पाठीमागचं. मी गंधालीला मंचाच्या मागे नेलं तर ती माझा हात सोडेना. मला वाटलं तुला उलटून बोलली म्हणून. तर विचारते, "आई, मी मामांशी कशात बोलले? हिंदीत की मराठीत? मला आठवतच नाही." मी म्हटलं, मराठीत. म्हणाली, "चूक झाली का काही?" मी म्हटलं, तू तुझ्या आजोबांच्या मराठीत बोललीस. त्यावर ती इतकी रडली की तिला शांत करायला वडा आणावा लागला. तू तिकडे सरोजिनी मॅडमना प्रकाशाचा वेग समजावून सांगत होतास, म्हणून तुला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं मात्र तू विसरणार नाहीस. तरी लिहिते, कारण ते लिहायला मला आवडतं.

अभिनवनं आपल्याला गाडीनं नया रायपूरला नेलं. ऊन नुकतं पडत होतं. तू उतरलास आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलास. इकडे पाहिलंस, तिकडे पाहिलंस. दूरवर काही नाही. एक गाडी येईल, हॉर्न वाजेल म्हणून मी वाट पाहत होते, पण तीही आली नाही. पायातली चप्पल काढून तू डांबराला पाय लावून बघितलंस. हे मात्र मला कळलं नाही, विचारलंही नाही. मग मला हाक मारलीस. मी येऊन शेजारी उभी राहिले.

"उतरेल," तू म्हणालास. "पण ते दिव्याचे खांब काढा लागतील."

"काढू," मी म्हटलं.

मग तू खांबांकडे बघतच म्हणालास, "विजू, मी त्या दिवशी म्हटलं ते चूक होतं. मले तेव्हाच कळलं होतं. टेम्पो दुर्गलाही पोचला नव्हता."

नऊ वर्षं मी या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते घोळवत होते, चांगली चांगली उत्तरं तयार होती. तेवढ्यात तो सायकलवाला आला. दोन म्हातारी माणसं भर रस्त्यात उभी, एकाच्या पायात चप्पल नाही, हे बघून तो थांबला आणि त्यानं विचारलं, "का गंवा गे, बबा?" काय हरवलं, आजोबा. आणि भोपाळला इतकी वर्षं काढलेल्या तुझ्या तोंडातून खाडकन छत्तीसगढी आली, "कुछु नइ गंवाय हे." काही हरवलं नाही. तो मान हलवून गेला. अभिनव गाडीत बसून हसत होता. मग मीही हसले, तूही, आणि माझी तयार उत्तरं तिथेच राहिली.

वहिनींना सांग, त्यांचा स्वेटर इथे राहिलाय. गंधाली तो घालून बँकेत जाते. परत मिळेल अशी आशा धरू नये.

विजू


रायपूर, २० मे २०१८

प्रिय नवोदित लेखक,

तुझी कथा मिळाली. ती तू मला पाठवलीस, रामकृष्णजींना नाही, याबद्दल ते मनापासून आभारी आहेत. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, ‘प्रांजळ अभिप्राय द्यावा, नाते मध्ये आणू नये.’ ठीक आहे, आणत नाही.

उकाडा एवढा आहे की बसमध्ये कागद हाताला चिकटतात. तरी दोनदा वाचली. एकदा जाताना, एकदा येताना. गंधालीनंही वाचली आणि समासात पेन्सिलीनं खुणा केल्यात. दोन ठिकाणी तुझं शुद्धलेखन चुकलंय असं तिचं म्हणणं आहे आणि ते सांगताना तिला झालेला आनंद मी तुला लिहून कळवू शकत नाही. अभिनवचा अभिप्राय एका वाक्याचा आहे: मामांच्या यानात इंजिन एक नंबर. उरल्याला अजून गोष्ट सांगितली नाही, कारण त्याच्या मते त्यात अजून सांगण्यासारखं माणूस नाही. हे जरा कडक आहे, पण तो इंजिनीअर आहे, भीड ठेवत नाही.

आता माझं. तुझं विज्ञान चोख आहे. शनीच्या कड्यांजवळून यान जातं ते वर्णन वाचताना मी माझा स्टॉप विसरले आणि सरोजिनी मॅडमनी ओढून उतरवलं. तुझा कप्तान हुशार आहे आणि त्याचं सगळं बरोबर असतं. पानोपानी बरोबर असतं. इंधनाची पानं थोडी कमी करता येतील. तू कमी करणार नाहीस, पण वाचक म्हणून मी सांगायचं काम केलं.

मात्र एक गोष्ट मी सोडणार नाही. तुझ्या त्या यानात कप्तानाची बहीण आहे. ती पहिल्या पानावर येते. चहा देते. मग पुन्हा चहा देते. यान शनीला वळसा घालतं, उल्का आदळते, कप्तानाचा हात भाजतो, ती मलम लावते आणि परत चहा करायला जाते. सबंध गोष्टीत तिच्या तोंडी एक वाक्य नाही. तिला शनी कसा दिसला, हे कोणी तिला विचारत नाही. एवढ्या लांब ती काहून आली, हेही नाही.

मला ती बाई फार आवडली, दादा. ती चहा करताना खिडकीतून बाहेर बघते, असं तू एका ओळीत लिहून गेला आहेस, आणि सगळ्या कथेत तुझा हात तिथेच हलका झाला आहे. तू तिला यानात घेतलंस ते उगाच नाही. कप्तानाला थोडा वेळ गप्प बसव. तिला बोलू दे. काय बोलेल याची तुला धास्ती वाटत असेल तर वाटू दे, लिहिणाऱ्याला ती वाटलीच पाहिजे. माझ्या अनुभवानं सांगते, ती रागावलेली नसेल. तिला फक्त पुष्कळ सांगायचं असेल.

बाकी कथा फार चांगली आहे. मी आपल्या घरची असूनही एवढं लिहिते.

विजू